मे महिन्यात मुलांचं काय करायचं?

एप्रिल संपत आला की फेसबुकवर दोन प्रकारच्या पोस्टी दिसायला लागतात. पहिली आठवणींची. 'आमच्या वेळी कुठली आली असली शिबिरं? आम्ही आंब्याच्या झाडावर आणि विहिरीच्या पाण्यात लहानाचे मोठे झालो.' दुसरी जाहिरातीची. 'वय वर्षे ६ ते १२. रोबोटिक्स, झुंबा, वक्तृत्व, गॅसशिवाय स्वयंपाक. जागा मर्यादित.' पहिलीखाली बदाम आणि रडके चेहरे. दुसरीखाली एकच प्रश्न, 'फी किती?'

ह्या दोन्हींच्या मध्ये एक माणूस असतो, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. बोरिवलीला, मुलुंडला, घाटकोपरला रात्री साडेदहाला भांडी आवरून झाल्यावर कॅलेंडर घेऊन बसलेली आई. किंवा बाप. (बहुतेक वेळा आईच. त्यावर पुढे बोलतो.) तिच्यापुढचा प्रश्न साधा आहे. शाळा बंद, ऑफिस चालू. मग पोर दिवसभर राहणार कुठे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उन्हाळी शिबिर ही मुंबईच्या उपनगरात आता हौस राहिलेली नाही, ती मुलं सांभाळण्याची सोय आहे. आणि ही सोय प्रत्येक घराने आपापल्या खिशातून, वर अपराधी वाटून घेत करायची, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. हे काम शहराचं आहे, महापालिकेचं आहे. आणि ते करायला लागणारी बरीचशी साधनं पालिकेकडे पडून आहेत.

आता जरा हिशोब बघा. राज्यातल्या शाळा मेच्या सुरुवातीला बंद होतात आणि जूनच्या मध्याला उघडतात. २०२५ मध्ये १६ जूनला उघडल्या, विदर्भात उन्हामुळे २३ जूनला. म्हणजे सहा आठवडे. खाजगी नोकरीत वर्षाच्या मिळून जेवढ्या रजा असतात त्या सगळ्या नवरा-बायकोने आळीपाळीने टाकल्या तरी हे सहा आठवडे कसेबसे भरतात. मग गणपती, दिवाळी, आजारपण, पालक सभा ह्यांना काय उरलं? शून्य. हा हिशोब कुठल्याही घरात जुळत नाही, पण प्रत्येक घराला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये.

'गावाला पाठवा की मग!' हे उत्तर लगेच येतं. मी चिपळूणला बातमीदारी करतो, त्यामुळे ह्या उत्तराची दुसरी बाजू मला दिसते.

मुंबईचं उन्हाळी शिबिर पूर्वी गावालाच भरायचं, हे खरं. गिरणगावातल्या चाळीतून, पुढे उपनगरातल्या वस्त्यांमधून, चाकरमानी बायका-पोरांना एसटीत बसवून द्यायचे आणि स्वतः आठ दिवस येऊन परत जायचे. एकेका घरात दहा-बारा पोरं. फणस, करवंदं, न्हाणीघराबाहेरची रांग, रात्री अंगणात ओळीने टाकलेल्या गोधड्या. मजा होती, मीही ती अनुभवली आहे. पण ते शिबिर फुकट नव्हतं. त्याची फी आजीने, काकीने, मामीने भरली. पहाटे उठून विहिरीवरून पाणी, चुलीवर बारा पोरांच्या भाकऱ्या, दुपारी कुणाच्या पायातला काटा, कुणाला ताप. तिला कुणी विचारलं नाही की तुला जमेल का. आठवणींच्या पोस्टीत आंबा असतो, आजीची कंबर नसते.

आणखी एक गोष्ट त्या पोस्टीत नसते. विहिरीत, नदीच्या डोहात, धरणाच्या पाण्यात बुडालेल्या मुलांच्या बातम्या. मे महिन्यात ही बातमी मी जवळपास दरवर्षी लिहितो आणि त्यात 'सुट्टीसाठी गावी आलेला' हे शब्द बऱ्याचदा असतात. 'आम्ही नाही का वाढलो' असं म्हणणारे म्हणजे जे वाढले ते.

आज ती आजी एकतर गुडघ्यांनी बसली आहे, नाहीतर मुलाकडे कांदिवलीला चौदाव्या मजल्यावर आहे. गावच्या घराला कुलूप आहे, गणपतीत निघतं. ज्यांचं गाव शाबूत आहे त्यांनी पोरांना जरूर पाठवावं. पण उपनगरातल्या लाखो घरांना 'गाव' नावाची सोय उरलेली नाही आणि कोकणाबाहेरच्या, राज्याबाहेरच्या अनेक कुटुंबांना ती ह्या स्वरूपात कधी नव्हतीच.

इमारतीचं अंगण म्हणाल, तर तेही गेलं. चाळ गेली, टॉवर आला. खाली गाड्या, वर पोडियम, पोडियमवर पाटी: 'दुपारी २ ते ५ खेळण्यास मनाई'. चेंडू काचेला लागला की सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस युद्ध. मग पोरं घरात, घरात मोबाईल, आणि संध्याकाळी आपणच त्यांना ओरडणार की दिवसभर स्क्रीन कशाला बघता.

ह्या वर्षी माझ्या घरी उलटं घडलं. बायको आरोग्य खात्यात, तिला मे महिन्यात मोठी रजा नाही. माझ्या कामाला वेळापत्रक नाही. आईला आता धावत्या पोरीमागे धावणं शक्य नाही. बोरिवलीची बहीण म्हणाली, "दादा, तिला इकडे पाठव. माझीचं नाव शिबिरात घातलंच आहे, दोघी जातील." तर चिपळूणची पोर सुट्टीला मुंबईला गेली! मी तिला घेऊन एसटीने नॅन्सी कॉलनीला उतरलो आणि तीन दिवस तिथेच राहिलो.

पहिल्या दिवशी गेटवर जे वाटलं ते लिहितो, कारण बाप लोक हे सहसा बोलत नाहीत. फॉर्मवर रकाने होते. कशाची अ‍ॅलर्जी? रक्तगट? मुलाला घ्यायला कोण येणार? हात लिहीत होता आणि डोक्यात एकच विचार, की ह्या ताई कोण, हे दादा कोण, मी ह्यांना ओळखतो का? पोरगी आतेबहिणीचा हात धरून आत गेली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिने रडावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. आणि ती रडली नाही म्हणून मात्र वाईट वाटलं. बाहेर टपरीवर चहा घेतला, घड्याळ बघितलं, सात मिनिटं झाली होती. पुढच्या तासाभरात हळूहळू खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग ते उतरलं म्हणून लाज वाटली. भीती, मोकळेपणा आणि लाज, तिन्ही एकाच सकाळी. बहीण म्हणाली, "तुला एक दिवस झालं, मी हे पाळणाघरापासून रोज करतेय."

तिच्या ह्या वाक्यावर थांबू या. कारण हे 'वाटणं' सारखं वाटलं जात नाही. शिबिराचा डबा कोण भरतं? टोपी, पाण्याची बाटली, पोहण्याचे कपडे कोण लक्षात ठेवतं? 'उद्या पिवळा टी-शर्ट' हा मेसेज कुणाच्या फोनवर येतो? आणि पोर पडलं-झडलं तर 'कशाला पाठवलंस' हे कुणाला ऐकावं लागतं? शिबिर बापाच्या पगारातून होतं, अपराधीपण आईच्या वाट्याला येतं. नोकरी करणाऱ्या बाईला दोन्हीकडून बोल. पाठवलं तर 'पोरांना बाहेर टाकते', नाही पाठवलं तर 'पोर दिवसभर मोबाईलवर'.

आता सोयीचं बोलू. बहिणीने निवडलेलं शिबिर चांगलं होतं, तक्रार नाही. दहा दिवसांचे साडेपाच हजार, टी-शर्टचे वेगळे. दोन मुलांचे अकरा. वेळ सकाळी नऊ ते साडेबारा. माझी बहीण अंधेरीला कामाला. घरातून सव्वाआठला निघते, गाडी मिळाली तर साडेसातला परत. मग साडेबारा ते साडेसात? शेजारच्या काकू, त्यांच्या टीव्हीवरची मालिका आणि मोबाईल. मी आजूबाजूला चौकशी केली, बहुतेक शिबिरं अशीच अर्ध्या दिवसाची. म्हणजे एवढे पैसे भरूनही आईचा प्रश्न निम्माच सुटतो. जाहिरातीत रोबोटिक्स असतं, पण आईला हवं असतं ते साधं आहे. दुपारचं जेवण, पंख्याखाली अर्धा तास झोप आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी भरवशाचं माणूस.

आणि हे ज्यांना परवडतं त्यांचं झालं. बहिणीकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची मुलगी नऊ वर्षांची. पालिकेच्या शाळेत जाते. मे महिन्यात ती आईबरोबर चार घरी फिरते. आई पोळ्या लाटते, ती ओट्याखाली पाटावर बसून चित्रं काढते. घरी एकटी ठेवायची ताईंची छाती होत नाही, वस्तीत दाराला कडी लावून मुलीला ठेवणं म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. मी त्यांना शिबिराबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, शाळाच दुपारपर्यंत उघडी ठेवली तरी झालं. अभ्यास नका घेऊ, पण गेट उघडं ठेवा." सहा आठवड्यांच्या ह्या प्रश्नावर एवढं नेमकं वाक्य मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही.

आपला कायदा ह्या मुलीकडे कसा बघतो? सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी आहे, एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. ते कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती हा वेगळा विषय, पण निदान कायदा तान्ह्या मुलाला ओळखतो. सहा ते चौदा वयासाठी २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे, तो शाळेपुरता. शाळेला सुट्टी लागली की त्या मुलाची जबाबदारी फक्त घराची.

नाही म्हणायला एका कायद्यात सुट्टीचा उल्लेख आहे. बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती. चौदा वर्षांखालचं मूल शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या कामात मदत करू शकतं, अशी मुभा त्यात आहे. म्हणजे सुट्टीत मूल काम करू शकतं हे कायद्याला सुचलं. सुट्टीत त्याने खेळायचं कुठे, जेवायचं कुठे, हे कुणाला सुचलं नाही.

जेवणावरून आठवलं. शाळा बंद म्हणजे पोषण आहार बंद. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मुलांना शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. म्हणजे सुट्टीत शाळेचं गेट उघडून चूल पेटवता येते. हे नवीन नाही. फक्त त्यासाठी दुष्काळ पडावा लागतो.

मुंबईत काय काय आहे ते बघा. पालिकेच्या आठ भाषांमधल्या शाळा, त्यांच्या इमारती मे महिन्यात रिकाम्या. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडासंकुल आणि मुलुंडचं प्रियदर्शिनी क्रीडासंकुल, दोन्ही पालिकेची. दहिसर, कांदिवलीला पालिकेचे तलाव, आणि उन्हाळ्यात २१ दिवसांचे पोहण्याचे वर्ग पालिका घेतेच. बोरिवलीला शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान, गोरेगावला बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र. खास मुलांसाठी सरकारने काढलेलं जवाहर बालभवन मात्र चर्नी रोडला. बोरिवलीच्या आईने नऊ वर्षांच्या पोराला सकाळच्या गर्दीत चर्नी रोडला कसं न्यायचं? मुलं उपनगरात आणि बालभवन समुद्राकाठी.

परंपरा नाही असंही नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून मुलांच्या शाखा आणि शिबिरं घेत आलं. साने गुरुजींच्या नावाने कथामाला चालल्या. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, त्यात मुलं स्वतःच्या आयुष्यावरची नाटकं स्वतः बसवून करतात. ह्यापैकी कशालाही रोबोटिक्सचा किट लागला नाही. जागा लागली आणि मुलांत रमणारी माणसं लागली.

फ्रान्समध्ये सुट्टीच्या दिवसांत मुलांची दिवसभराची केंद्रं नगरपालिका चालवतात आणि फी बऱ्याच ठिकाणी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. जास्त कमावणारा जास्त भरतो, कमी कमावणारा कमी, पोरं एकाच मैदानात. आपल्याकडे उलट. टॉवरमधलं पोर एका टी-शर्टात, ओट्याखालचं पोर दुसऱ्याच जगात.

माझी मागणी मोठी नाही. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागात पालिकेची एक शाळा मे आणि अर्धा जून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडी ठेवा. सकाळी मैदान, दुपारी जेवण आणि पंख्याखाली गोष्टी, चित्रं, कॅरम. फी उत्पन्नाप्रमाणे, ज्यांना शक्य नाही त्यांना माफ. 'शिक्षकांना सुट्टी नको का?' हवीच, त्यांच्या मागे कामं कमी नाहीत. पण डी.एड., बी.एड. होऊन नोकरीची वाट बघणारी, नाट्यशास्त्र आणि शारीरिक शिक्षण शिकलेली किती मुलं-मुली आपल्या ओळखीत आहेत? त्यांना सहा आठवड्यांचं मानधन द्या, आधी आठवडाभर प्रशिक्षण द्या. 'पैसा कुठून?' पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यात पोरांच्या वरणभाताला जागा होणार नाही, हे मला कुणी आकडे मांडून पटवावं.

सुरक्षेचं मात्र कडक हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती हे सगळं सांगितलं. सांगितलं ते शाळांना. त्याच इमारतीत मे महिन्यात भाड्याने भरणाऱ्या शिबिराचं काय? शाळेला मान्यता लागते. शिबिराला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक बॅनर पुरतो. पालिकेने प्रभाग कार्यालयात अशा शिबिरांची साधी नोंदणी सुरू केली तरी पालकांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं कमी होईल.

ते होईपर्यंत ज्यांना पाठवायचंय त्यांनी पैसे भरण्याआधी एवढं विचाराच. लाजू नका.

१. मुलांबरोबर असणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे का? ड्रायव्हर आणि सफाई कर्मचारी धरून.
२. किती मुलांमागे एक मोठं माणूस? त्यात बाई किती?
३. लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं?
४. मी न सांगता मध्येच आलो तर आत सोडाल का? (ह्याचं उत्तर 'नाही' असेल तर तिथूनच परत फिरा.)
५. मुलाला घ्यायला दुसरं कुणी आलं तर काय करता?
६. पोहणं असेल तर जीवरक्षक कोण? प्रथमोपचार कुणाला येतो?
७. मुलांचे फोटो कुठे टाकता, कुणाला विचारून?

आणि घरी आल्यावर मुलाला 'आज काय शिकलास?' एवढंच विचारू नका. 'कुणाबरोबर बसलास? कोण आवडलं? कोण आवडलं नाही?' हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. काही खटकलं तर चाइल्डलाइनचा नंबर १०९८. पॉक्सो कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आयोजकांनाही. 'आपापसात मिटवू' हा पर्याय कायद्यात नाही.

ज्या आई-बापांनी पाठवलं त्यांना एक सांगतो. पोराला चार तास दुसऱ्याच्या हाती सोपवताना पोटात कालवतं, ते कालवू दे. त्याचा अर्थ तुम्ही वाईट पालक आहात असा होत नाही. पूर्वीही पोरं एकट्या आईने वाढवली नव्हती. अख्खं घर, अख्खी वाडी होती, आणि त्यातल्या बायकांनी आपलं कष्ट मोजू दिलं नाही म्हणून ते सोपं दिसलं. आज ते कष्ट पैशात मोजले जातात एवढाच फरक. मोजलेलं वाईट नाही. फक्त ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्या पोरांनी ओट्याखाली बसायचं, हे मला मान्य नाही.

तुमच्या प्रभागात पालिकेची शाळा कुठे आहे ते बघून ठेवा. मे महिन्यात तिच्या गेटला कुलूप असेल तर त्याचा फोटो काढा आणि तुमच्या नगरसेवकाला पाठवून एकच प्रश्न विचारा, ह्याची किल्ली कुणाकडे आहे? उत्तर काय आलं ते इथे कमेंटमध्ये लिहा. पोस्ट शेअर करायला परवानगी विचारू नका.